एकाच गतीचा मॉनिटर

बंगळुरूच्या जुन्या पेठांत चौकांना राजांची, दिवाणांची आणि देवस्थानांची नावे आहेत. परंतु कोरमंगला ही विकास प्राधिकरणाने ब्लॉक पाडून अलीकडे वसवलेली वस्ती असल्यामुळे येथील मनुष्य रिक्षावाल्याला जी खूण सांगतो ती बहुधा एखाद्या दुकानाची किंवा कंपनीची असते. ऐंशी फुटी रस्त्यावरील ज्या चौकात संध्याकाळी वाहनांचा लोंढा अडून राहतो, त्याचे ‘सोनी वर्ल्ड’ हे नाव दूरचित्रवाणी संच विकणाऱ्या एका दालनावरून पडले. आणि ‘विप्रो पार्क’ हे नाव ज्या कंपनीवरून आले तिचा आरंभ १९४५ साली आमच्या खानदेशातील अमळनेरला वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाला होता. मी राहतो ती इमारतही १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी आलेल्या खेळाडूंच्या निवासाकरिता उभारली गेली आणि स्पर्धा आटोपताच संसारी माणसांच्या ताब्यात आली. तेव्हा एका कामासाठी घडवलेली वस्तू दुसऱ्या कामाला लावणे हा या वस्तीचा जणू शिरस्ताच आहे.

अशा वस्तीत यंत्रे लवकर येतात आणि लवकरच भंगारात निघतात. एखादे कार्यालय जागा सोडते, जडसंग्रहाच्या नोंदवहीत एकेका वस्तूपुढे निर्लेखनाचा शेरा पडतो, आणि जी यंत्रे एके काळी आयात परवाने, जकात आणि विम्याचे दस्तऐवज यांच्या सोबतीने विमानातून उतरली होती ती एका टेम्पोत एकमेकांवर रचली जातात. अशाच एका आवराआवरीतून माझ्या भाच्याचा फोन आला.

“मामा, सनचा एक मोठा मॉनिटर आहे इथे. कुणाच्याच कंप्युटरला चालत नाही म्हणतात. उद्या भंगारवाला येणार आहे. तुम्हाला हवाय का?”

“काच शाबूत आहे ना? मग घेऊन ये.”

“आणतो, पण उचलायला खाली या. एकट्याचं काम नाही ते.”

‘कुणाच्याच कंप्युटरला चालत नाही’ हे शब्द माझ्या मनात राहिले. सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी १९८२ साली कॅलिफोर्नियात निघाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला हे दिल्लीच्या आयआयटीचे पदवीधर. त्या कंपनीची वर्कस्टेशने आमच्या पिढीतील अभियंत्यांनी मोठ्या आदराने पाहिली होती. पुण्याच्या सी-डॅकने १९९८ मध्ये जो ‘परम १००००’ हा महासंगणक बांधला त्यातही सनचेच प्रोसेसर होते. सन कंपनी पुढे २०१० मध्ये ओरॅकलमध्ये विलीन झाली, हा व्यवहाराचा भाग झाला. पण ज्या पडद्यांवर चिप्सचे आराखडे रेखले गेले आणि पुलांची गणिते सोडवली गेली, त्यांपैकी एक पडदा निरुपयोगी म्हणून फुटण्यासाठी जावा, आणि तोही त्याच्यात काही बिघाड आहे म्हणून नव्हे, तर त्याच्याशी कसे वागावे हे कोणाला ठाऊक नाही म्हणून, हे मला साहवेना.

मॉनिटर घरी आला, टेबलावर बसला, आणि मी प्रथम त्याची पाठ वाचली. जुन्या यंत्राची खरी कैफियत त्याच्या पाठीवर लिहिलेली असते. वीज १०० ते २४० व्होल्टपर्यंत कोणतीही चालेल, असे तेथे नमूद होते. म्हणजे विजेच्या बाबतीत हा गृहस्थ उदार. खाली मात्र आडव्या गतीपुढे ६१.८ किलोहर्ट्झ आणि उभ्या गतीपुढे ६६ हर्ट्झ अशा एकेकच संख्या होत्या. नेहमीच्या मॉनिटरच्या पाठीवर ‘अमुकपासून तमुकपर्यंत’ असा जो मोकळा मजकूर असतो त्याचा येथे मागमूस नव्हता.

या एकेका संख्येत त्याचा सारा स्वभाव सामावलेला आहे, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. चित्रनलिकेच्या मानेवर तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात. त्यांतून चढत जाणारा प्रवाह सोडला की इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सरकत एक रेघ ओढतो. ट्रान्झिस्टरने प्रवाह एकाएकी तोडला की वेटोळ्यात साठलेली चुंबकीय ऊर्जा जवळच्या कपॅसिटरमध्ये उसळून जाते, तेथून उलट दिशेने परतते, आणि या अर्ध्या आंदोलनाच्या अवधीत झोत पुन्हा डाव्या कडेला येऊन पुढची रेघ ओढण्यास सिद्ध होतो. हीच उसळी फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर, म्हणजे आपल्याकडचे टीव्ही दुरुस्त करणारे ज्याला ईएचटी म्हणतात तो, वाया जाऊ न देता तिच्यातून वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब निर्माण करतो, आणि त्या दाबावरच झोत पडद्यापर्यंत पोचतो. म्हणजे रेघ ओढणे, रेघेवरून परतणे आणि प्रकाशाला लागणारे बळ मिळवणे ही तिन्ही कामे एकाच आंदोलनावर उभी आहेत. वेटोळ्याचे वेढे, कपॅसिटरची क्षमता, ट्रान्झिस्टरला पुरवलेला दाब हे सारे ज्याने एका गतीसाठी नेमके ठरवून दिले, त्याने त्या गतीवर सरळ रेघा, तीक्ष्ण अक्षरे आणि अचल प्रतिमा मिळवली. इतर गतींचा विचार त्याने केला नाही, कारण त्या त्याच्या यंत्राला लागणारच नव्हत्या. वर्कस्टेशन आणि मॉनिटर एकत्रच विकले जात.

आपल्या घरातील जुना दूरचित्रवाणी संचही याच जातीचा होता. ६२५ रेघांच्या पद्धतीत तो सेकंदाला १५,६२५ रेघा ओढी, आणि ज्यांचे कान तरुण होते त्यांना बंद खोलीबाहेरूनही त्याची बारीक शीळ ऐकू येई. १९८७ साली आयबीएमने आणलेल्या व्हीजीए पद्धतीत ही गती दुपटीहून किंचित अधिक, म्हणजे ३१.५ किलोहर्ट्झ झाली. आणि व्हीजीएची तार असलेले बहुतेक संगणक सुरू होतानाची पहिली अक्षरे याच गतीने पाठवतात. सनचा मॉनिटर तिच्याही जवळजवळ दुपटीने धावणारा. सर्वसाधारण समजूत अशी असते, की वेगाने चालवलेले यंत्र बिघडते आणि सावकाश चालवलेले टिकते. येथे नेमके उलट आहे. गती निम्मी केली की प्रत्येक रेघेला दुप्पट वेळ मिळतो, तितका वेळ वेटोळ्यातील प्रवाह चढत राहतो, आणि तो तोडण्याच्या क्षणी उठणारी उसळी ट्रान्झिस्टरच्या सहनशक्तीपलीकडे जाते. चांगल्या बनावटीच्या मॉनिटरमध्ये अशा वेळी सारे बंद करणारी संरक्षक योजना असते. तथापि ती आहेच असे गृहीत धरून तार जोडणे म्हणजे दुसऱ्याच्या वस्तूवर आपले कुतूहल भागवणे होय. लिनक्सवर काम करणाऱ्या मागील पिढीला हा इशारा पाठ होता. एक्सफ्री८६ या प्रणालीत पडद्याच्या गती स्वतःच्या हाताने लिहाव्या लागत, आणि त्यासंबंधीच्या मार्गदर्शिकेत चुकीच्या संख्येने मॉनिटर कायमचा निकामी होऊ शकतो, असे स्पष्ट बजावलेले असे.

१९८५ च्या सुमारास एनईसी कंपनीने मल्टिसिंक मॉनिटर आणला आणि तेव्हापासून समोरून येईल ती गती ओळखून तिच्याशी जुळवून घेणे हे मॉनिटरचे कर्तव्य ठरले. १९९४ मध्ये आणखी एक सोय झाली: मॉनिटर आपली सारी माहिती १२८ बाइटांच्या एका छोट्या दाखल्यात ठेवू लागला आणि संगणकाने विचारताच तो दाखला रुजू करू लागला. माझ्या मॉनिटरजवळ असा दाखला नाही. त्याच्या तारेतील तीन पिनांवर एक सांकेतिक खूण आहे, पण ती वाचणे फक्त त्याच्या घरच्या संगणकालाच येते. परक्यापुढे तो मूक आहे. सभ्य मनुष्य मूक पाहुण्याच्या बाबतीत जे करतो तेच येथे करावे लागते: त्याला काय चालते याची चौकशी इतरांकडे करून ते आपण आधी मांडून ठेवायचे. माझी या प्रकरणातील भूमिका इतकीच आहे, की ज्याला बदलता येते त्याने बदलावे. आजच्या संगणकाला वाटेल ती गती धारण करता येते. मॉनिटरला येत नाही. मग न बदलू शकणाऱ्याला कालबाह्य ठरवून बाहेर काढायचे आणि बदलू शकणाऱ्याला त्याच्या सवयीप्रमाणे वागू द्यायचे, हा न्याय नव्हे.

आता हिशेब. पडद्यावर आडवे ११५२ ठिपके आणि उभ्या ९०० रेघा. सनने हीच संख्या निवडली तेव्हाचा एक सुरेख मेळ येथे सांगण्यासारखा आहे: ११५२ आणि ९०० यांचा गुणाकार १०,३६,८०० होतो, आणि एका मेगाबिटमध्ये १०,४८,५७६ बिट असतात. काळ्या-पांढऱ्या चित्राचा प्रत्येक ठिपका एका बिटात मांडला तर संपूर्ण पडदा १२८ किलोबाइटांत बसतो आणि फारच थोडी जागा शिल्लक राहते. स्मृती महाग होती त्या काळचा हा जमाखर्च. परंतु रेघ ११५२ ठिपक्यांवर संपत नाही. झोताला परतण्यासाठी आणि स्थिरावण्यासाठी काळोखाचे आणखी ३५२ ठिपके मोजावे लागतात, म्हणजे एकूण १५०४. त्याचप्रमाणे ९०० रेघांनंतर तळातून माथ्याकडे जाण्यासाठी ३७ रेघांचा अवधी लागतो, म्हणजे एकूण ९३७. सेकंदाला ९.२९४ कोटी ठिपके सोडले, तर त्यांना १५०४ ने भागून ६१.८ किलोहर्ट्झची आडवी गती येते, आणि तिला ९३७ ने भागले की ६६ हर्ट्झची उभी गती. एक रेघ १६.१८ मायक्रोसेकंदांत पुरी होते. त्यांपैकी सुमारे ३.८ मायक्रोसेकंद काळोखाचे. त्या काळोखातच, ठरल्या जागी, ठरल्या रुंदीचा सिंकचा, म्हणजे रेघांचा मेळ राखणारा, ठोका पडला पाहिजे. तो थोडा आधी पडला तर चित्र उजवीकडे सरकते, उशिरा पडला तर डावीकडे. या संख्या संगणकाला एका ओळीत लिहून द्यायच्या असतात. मला ती ओळ लिहिताना नेहमी एक समाधान वाटते, कारण सॉफ्टवेअरच्या जगात आपण लिहिलेल्या आकड्याची थेट तांब्याच्या तारेपर्यंत, आणि तेथून काचेवरील प्रकाशापर्यंत, अशी पोच आता क्वचितच उरली आहे.

गती जुळली तरी एक तिढा राहतो. व्हीजीए पद्धतीत आडव्या ओळीचा ठोका तेराव्या पिनवर आणि उभ्या चित्राचा चौदाव्या पिनवर, असे दोन निरनिराळे हुकूम दोन निरनिराळ्या तारांवरून जातात. सनच्या मॉनिटरला मात्र हे दोन्ही एकाच तारेवर मिसळून लागतात. त्याच्या १३डब्ल्यू३ जोडणीत तीन जाड समाक्ष तारा तांबडा, हिरवा आणि निळा हे रंग नेतात, दहा पिना इतर कामांना असतात, आणि मिश्र सिंकची जागा पाचव्या पिनवर आहे. (सिलिकॉन ग्राफिक्स आणि एचपी यांच्या अनेक मॉनिटरांत तर ही स्वतंत्र तारही नसते, सिंक हिरव्या रंगाच्या तारेवरच चढवलेला असतो, आणि ज्या संगणकाला तसे चढवता येत नाही त्याच्यापुढे ते मॉनिटर अंधारात राहतात.) मॅट्रॉक्स कंपनीच्या काही ग्राफिक्स कार्डांना दोन ठोक्यांचे हे मिश्रण स्वतः करता येई आणि लिनक्समधील त्यांच्या ड्रायव्हरात तशी तजवीजही होती. माझे कार्ड साधे असल्यामुळे ते काम बाहेर करणे भाग होते.

त्यासाठी सिटी मार्केटजवळच्या एस. पी. रोडला गेलो. सरदार पत्रप्पांच्या नावाने असलेला हा रस्ता म्हणजे बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक्सचे धान्यबाजारासारखे कोठार आहे. बोळाच्या दोन्ही अंगांना हातभर रुंदीची दुकाने, आणि प्रत्येकात छतापर्यंत लावलेले लहान लहान कप्पे. जिथे जुन्या टीव्हींचे सुटे भाग अजून मिळतात अशा एका गाळ्यात एक वयस्क कारागीर बसतात. त्यांनी माझी सारी हकीकत निमूटपणे ऐकली, कागदावर मी काढलेली आकृती उलटसुलट करून पाहिली, आणि दखनीत एवढेच म्हणाले, “साब, लाइनच नै बैठी तो पिक्चर काँ से आना? पहले लाइन देखो.” चाळीस वर्षे पिक्चर ट्यूब उघडणाऱ्या माणसाने दिलेला तो सल्ला ग्रंथांतील प्रकरणापेक्षा उपयोगी ठरला. त्यांनी कप्प्यातून ७४एलएस८६ ही चौदा पायांची चिप काढून दिली. ७४ या मालिकेची कुळी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घडवली, आणि ही कंपनी १९८५ साली बंगळुरूत आली तेव्हापासूनच या शहराच्या आजच्या धंद्याची गणना केली जाते. तो योगायोग मला त्या बोळात उभे असताना सुखावून गेला.

त्या चिपमध्ये चार ‘एक्सॉर’ द्वारे असतात. एकाच्या दोन पायांवर आडवा आणि उभा ठोका दिला की तिसऱ्या पायावर मिश्रण मिळते. येथे साध्या ‘ऑर’ द्वारानेही भागेल असे कोणाला वाटेल. पण तसे केले तर उभ्या ठोक्याचा अवधी चालू असताना आडवे ठोके त्यात बुडून जातात, मॉनिटर तेवढ्यापुरता ताल विसरतो, आणि चित्राच्या वरच्या कडेच्या रेघा एका बाजूला वाकतात. एक्सॉरमध्ये त्या अवधीत ठोके बुडत नाहीत, फक्त उलटे होतात. त्यांची चाल अखंड राहते. दुसऱ्या द्वाराचा एक पाय पाच व्होल्टला बांधून ठेवला की तेच द्वार उलटविण्याचे काम करते, म्हणून मिश्रणाची दिशा चुकली तर निराळा भाग आणावा लागत नाही. पाच व्होल्ट संगणकाच्या डिस्कला जाणाऱ्या तांबड्या तारेतून घेतले. पिवळी तार बारा व्होल्टची असते. तिच्यापासून चिपला दूर ठेवले पाहिजे.

सारे सांधून झाल्यावरही मॉनिटर लगेच जोडला नाही. भाच्याने त्याच्या कॉलेजमधून ऑसिलोस्कोप आणला आणि आम्ही पाचव्या पिनवर येणारा ठोका मोजून ६१.८ ची खात्री करून घेतली. सर्वांत अवघड जागा संगणक सुरू होण्याच्या पहिल्या अर्ध्या मिनिटाची आहे, कारण तेव्हा तो आपल्या जन्मजात ३१.५ च्या गतीनेच बोलतो आणि त्याला अजून आपली ओळ वाचायला मिळालेली नसते. यावर इलाज असा, की त्या अवधीत मॉनिटर जोडायचाच नाही. संगणकाचे आरंभीचे बोलणे सिरियल केबलने दुसऱ्या जुन्या लॅपटॉपवर वळवायचे, तेथूनच प्रणाली चालू करायची, आणि ठरलेली गती पडद्याच्या तारेवर उतरल्यानंतरच मॉनिटरचा खटका दाबायचा. पूर्वीचे लोक याच कामासाठी जुने हर्क्युलिस कार्ड आणि हिरव्या अक्षरांचा लहान पडदा शेजारी ठेवीत, कारण त्या कार्डाची आणि व्हीजीए कार्डाची स्मृतीतील जागा निराळी असल्यामुळे ती दोन्ही एकाच संगणकात बिनतक्रार नांदत. आता लिनक्सच्या गाभ्याला मॉनिटरच्या वतीने आपणच लिहिलेला १२८ बाइटांचा दाखला देता येतो; पुढच्या वेळी मी तोच मार्ग धरला, आणि मुक्या मॉनिटरचा मुखत्यार म्हणून संगणकापुढे तो दाखला आजतागायत उभा आहे.

खटका दाबल्यावर नळीतील साठलेले चुंबकत्व पुसणाऱ्या डीगॉसच्या वेटोळ्याचा तो ओळखीचा ‘धम्म्’ असा आवाज झाला, काच क्षणभर थरथरली आणि करडी पार्श्वभूमी हळूहळू उजळत आली. सनने ही नळी सोनीकडून घेतलेली, म्हणजे ट्रिनिट्रॉन. १९६८ साली सोनीने काढलेल्या या पद्धतीत छिद्रांच्या पत्र्याऐवजी उभ्या ताणलेल्या तारांची जाळी असते, पडदा वरपासून खालपर्यंत सरळ असतो, आणि त्या तारा कापू नयेत म्हणून त्यांना आडव्या बांधलेल्या दोन केसाएवढ्या तारांची सावली नीट पाहणाऱ्याला पडद्यावर दिसते. मी मराठी मजकूर उघडला. देवनागरीची कसोटी पडद्याला रोमन लिपीपेक्षा कठीण असते: शिरोरेखेवर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार-ऋकार, या दोन मजल्यांना उंची लागते. व्हीजीएच्या आधीच्या सीजीए पद्धतीत एका अक्षराला उभे आठच ठिपके मिळत, त्यात ‘र्द्रू’ सारखे जोडाक्षर मावणे अशक्य होते. आयआयटी कानपूरला सुरू होऊन पुढे मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या, भारतीय लिप्यांसाठीच्या जिस्ट तंत्राला संगणकात एक वेगळे कार्डच घालावे लागले, त्याचे एक कारण हे. येथे ९०० रेघा होत्या. शिरोरेखा उमटली ती एखाद्या जुन्या छापखान्याच्या खिळ्यासारखी काळी नव्हे, तर किंचित मृदू कडेची, कारण झोताचा ठिपका गोल असतो आणि शेजारच्या ठिपक्याकडे तो हलकेच उतरत जातो. आणि मजकूर सरकवताना एखादी शिरोरेखा त्या आडव्या तारेच्या सावलीवर येऊन नेमकी मिळाली की सावली दिसेनाशी होई. हे पाहण्यात बराच वेळ गेला, आणि तो सत्कारणी गेला असेच मी मानतो.

मात्र चित्र पूर्ण स्थिर नव्हते. कडा अतिशय जलद, जणू थंडीने, कापत होत्या. भिंतीच्या पलीकडे घराचा इन्व्हर्टर होता. त्याच्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र सेकंदाला ५० वेळा बदलते, चित्र सेकंदाला ६६ वेळा रंगते, आणि दोहोंतील फरकाने, म्हणजे सेकंदाला १६ वेळा, झोत आपल्या मार्गापासून ढळतो. इन्व्हर्टर दुसऱ्या भिंतीला नेताच कंप थांबला. इलेक्ट्रॉनांच्या झोताला चुंबकाची अशी बाधा होते, म्हणून पृथ्वीच्या चुंबकत्वाचाही विचार कारखानदारांना करावा लागे. उत्तर गोलार्ध, दक्षिण गोलार्ध आणि विषुववृत्ताजवळचे प्रदेश यांच्यासाठी नळ्यांची जुळणी निरनिराळी केली जाई. भारताच्या दक्षिण टोकाशी चुंबकीय विषुववृत्त जाते, त्यामुळे बंगळुरूत चुंबकत्वाचा उभा घटक युरोप-अमेरिकेतल्यापेक्षा पुष्कळच कमी. मॉनिटरचे तोंड पूर्वेऐवजी उत्तरेला केले तेव्हा चित्र केसभर कलले, आणि मला अलिबागची आठवण झाली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडतील हे ओळखून डॉ. नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली, तिच्या बांधकामात चुंबकाकडे ओढला जाणारा पदार्थ येऊ दिला नाही, आणि १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या. एका शहराच्या वाहतुकीपुढे शास्त्राने आपली जागा हलवली. त्या नोंदींची परंपरा त्यामुळेच अखंड राहिली.

आजच्या सपाट पडद्यांविषयी मला आकस नाही. पण त्यांनाही ठिपक्यांची एकच संख्या जन्मतः मिळालेली असते, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. दुसऱ्या मापाचे चित्र आले की ते आतल्या आत ताणून किंवा आवळून बसवतात, आणि अक्षरे धूसर होतात. नियत गतीचा मॉनिटर असा समझोता करीत नाही. त्याला अनुरूप चित्र मिळाले तर तो ते संपूर्णपणे दाखवतो. अनुरूप नसेल तर काही दाखवत नाही. यांपैकी दुसरी रीत गैरसोयीची असेल, परंतु तिच्यात पाहणाऱ्याची दिशाभूल होत नाही, म्हणून मला ती अधिक मानवते.

या नळ्या आता कोठे तयार होत नाहीत. बंगळुरूच्या जालहळ्ळीला भारत इलेक्ट्रॉनिक्स काळ्या-पांढऱ्या चित्रनलिका बनवी, आणि त्यांच्या काचेसाठी रायगड जिल्ह्यात तळोजे येथे तिचा कारखाना होता. औरंगाबादजवळच्या चितेगावहून जिचे संच मराठवाड्याच्या घराघरांत गेले त्या व्हिडिओकॉनने २००५ साली थॉमसन कंपनीचा चित्रनलिकांचा जागतिक व्यवसाय विकत घेतला, आणि त्यानंतर काही वर्षांतच जगाने चित्रनलिकेकडे पाठ फिरवली. शंकूच्या काचेत शिसे असल्यामुळे तिची विल्हेवाट हा स्वतंत्र प्रश्न आहे. २०१२ पासून ई-कचऱ्याचे नियम लागू झाले ते योग्यच झाले. ज्या नळीत अजून तेज आहे ती मात्र कचऱ्यात मोजू नये. माझ्या मॉनिटरचे तेज पूर्वीपेक्षा मंद झाले आहे, कॅथोड झिजत जाणार, आणि बदली नळी मिळणार नाही. म्हणून मी तो संध्याकाळी वाचनापुरताच लावतो.

मध्यंतरी बेळगावहून एका प्राध्यापक मित्रांचे पत्र आले. त्यांच्या महाविद्यालयाच्या भांडारात अगदी असाच एक मॉनिटर निघाला आहे आणि मी वापरतो ते आकडे त्यांना हवे आहेत. मी त्यांना कळवले, की माझे आकडे आधी वापरू नका. पाठीवरचे लेबल वाचा, कारण सनने याच आकाराचे, याच मापाचे मॉनिटर ७६ हर्ट्झचेही दिले होते आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. त्यांच्या लेबलवर ७१.७ किलोहर्ट्झ निघाले. तेव्हा ठिपक्यांची गती १०.५५६ कोटी, आडवी बेरीज १४७२, उभी ९४३, मिश्र सिंक पाचव्या पिनवर, आणि संगणक पूर्ण सुरू होईपर्यंत मॉनिटरचा खटका बंद, असे चार ओळींत लिहून धाडले आहे; चिप त्यांना खडेबाजारात मिळाली नाही तर एस. पी. रोडवरून पाठवीन.